नवा कॅमेरा घ्यावा कीं थांबावें?

घरांत एखादी मोठी वस्तु आणावयाची असली म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबांत तिच्यावर जेवढी चर्चा होते, तेवढी विधिमंडळांत अंदाजपत्रकावरहि होत नसेल. शिवणयंत्र आलें तेव्हां ती झाली, फ्रीज आला तेव्हां झाली, आणि टेलिफोन ओटीवर बसवावा कीं माजघरांत ह्या प्रश्नावरून तर दादा आणि आमचे वडील दोन दिवस एकमेकांशीं बोलले नाहींत. पण ह्या साऱ्या वस्तु दुकानांत डोळ्यांनीं पाहून, हातांनीं चाचपून घेतलेल्या होत्या. जी वस्तु अद्याप बाजारांत आलेली नाहीं, जिची नुसती दवंडी पिटली गेली आहे, ती घ्यावी कीं न घ्यावी ह्यावर भांडण्याचा प्रसंग आमच्या घरीं प्रथम आला तो २००४ सालीं. त्याची हकीकत येथें सांगत आहों, कारण असे प्रसंग हल्लीं घरोघर दर सहा महिन्यांनीं येऊं लागले आहेत.

त्या वर्षीं जानेवारीच्या २८ तारखेस निकॉन ह्या जपानी कंपनीनें डी-७० नांवाचा कॅमेरा जाहीर केला. दुसऱ्याच दिवशीं आमच्या धाकट्या पुतण्यानें त्याचें सारें वर्णन छापून आणलें आणि रात्रीच्या जेवणांत, ताक वाढलें जात असतां, तो विषय काढला. (ताकाच्या वेळीं मोठी माणसें शांत असतात, हें त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.)

रीळ न लागणारा कॅमेरा ही तेव्हां कांहीं अगदींच नवलाई राहिलेली नव्हती. कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्यानें १९७५ सालींच तसें एक यंत्र जुळविलें होतें. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवून घेण्यास त्याला २३ सेकंद लागत, आणि चित्रांत ठिपके अवघे दहा हजार. पुढें १९९१ सालीं त्याच कंपनीनें निकॉनच्या एका कॅमेऱ्याला आपली विजेची पाठ जोडून तो विक्रीस काढला. किंमत वीस हजार डॉलरांच्या घरांत. १९९९ चा निकॉन डी-१ हा पांच हजार डॉलरांच्या आसपास होता. अशा वस्तु वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनीं घ्याव्या आणि आपण दुरून पाहाव्या. ऑगस्ट २००३ मध्यें मात्र कॅनन कंपनीनें ईओएस ३००-डी हा कॅमेरा भिंगाशिवाय ८९९ डॉलरांस काढला आणि गृहस्थाश्रमी माणसाला प्रथमच मोह पडला. डी-७० हें निकॉनचें त्याला उत्तर होतें : भिंगाशिवाय ९९९ डॉलर, आणि १८ ते ७० मिलिमीटरच्या भिंगासह १२९९. डॉलर तेव्हां पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे भिंगासह घ्यावयाचा तर अठ्ठावन्न हजार रुपये.

घाई करण्यास कारणें होतीं. मे महिन्याच्या आरंभीं आमच्या पुतणीचें लग्न ठरलें होतें. जूनच्या ८ तारखेस शुक्राचें सूर्यबिंबावरून अधिक्रमण होतें. तें ह्यापूर्वीं झालें तें १८८२ सालीं, तेव्हां पृथ्वीच्या पाठीवर जिवंत असलेल्या कोणीं तें पाहिलें असण्याचा संभव नव्हता. पावसाळ्यांत कासच्या पठारावर जीं फुलें येतात, तीं आमच्या सातारच्या घरापासून गाडीच्या एका टप्प्यावर. पुतण्यानें हीं तीन कारणें सांगितलीं. चौथें त्यानें सांगितलें नाहीं, पण तें आम्हां सर्वांच्या मनांत होतें. आमच्या आईचा एकहि धड फोटो घरांत नव्हता.

तिच्या लग्नाचा, १९४४ सालचा, एक मोठा समुदायाचा फोटो आहे. पहिल्या रांगेंत ती बसली आहे. पण फोटोग्राफरनें श्वास रोखून धरण्यास सांगितलें असतां तिनें नेमकी मान वळविली, आणि तिच्या चेहऱ्याच्या जागीं एक पांढरट धुकें उमटलें आहे. वडिलांनीं पुढें आग्फा क्लिक-थ्री घेतला. त्यांत एका रिळावर बाराच फोटो निघत, आणि कॅमेरा तिच्याकडे वळला कीं ती म्हणे, “माझ्यावर रीळ घालवूं नका, मुलांचे काढा.” १९८५ सालीं मेहुण्यांनीं सिंगापुराहून निकॉनचा एफएम-२ आणि त्याबरोबर ५० मिलिमीटरचें एक भिंग आणलें. आतां बारांचे छत्तीस झाले, पण तिचें उत्तर बदललें नाहीं. २००४ सालीं तिला अठ्ठ्याहत्तरावें लागलें होतें.

रविवारीं दुपारीं चहानंतर सभा भरली. दादा आयुष्यभर बँकेंत नोकरी केलेले. त्यांनीं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. एक रीळ, धुणें आणि छापणें मिळून आमचे सुमारें अडीचशे रुपये जात. अठ्ठावन्न हजारांत अशीं २३२ रिळें येतात. घरांत वर्षाकाठीं आठ रिळें खपतात. म्हणजे हा कॅमेरा आपली किंमत वसूल करणार २९ वर्षांनीं! “मी तेव्हां सत्त्याऐंशी वर्षांचा असेन,” असें म्हणून त्यांनीं पेन्सिल खालीं ठेवली.

ह्या हिशेबांत चूक नव्हती. आणि तरीहि तो चुकीचा होता. पुतण्यानें तोच कागद उलटून दुसरा हिशेब केला. अडीचशेंना छत्तीसनें भागलें तर एका फोटोला सात रुपये पडतात. “बाबा, बोट दाबलें कीं सात रुपये. म्हणून आपण वर्षाला आठच रिळें काढतों. सात रुपये पडले नसते तर आपण किती फोटो काढले असते, तें ह्या कागदावर कुठें आहे?” दादा कांहीं बोलले नाहींत. आमच्या मतें सबंध दुपारीं झालेल्या वादांत हाच काय तो खरा मुद्दा होता, आणि त्याचा अर्थ पुढें आम्हांला जसा कळला तसा तेव्हां त्यालाहि कळला नसावा.

आमचा आक्षेप निराळा होता. नुसती जाहीर झालेली वस्तु म्हणजे पत्रिकेवरून पसंत केलेली वधू. कागदावर सारे गुण जमतात. ज्यांनीं कॅमेरा महिनाभर वापरला, पावसांत नेला, पडूं दिला, असे लोक अजून जगांत नाहींत; जीं मतें छापून येतात तीं एक-दोन दिवस तो हातांत मिळालेल्यांचीं. पहिल्याच झपाट्यास जे घेतात ते कंपनीचें परीक्षणाचें काम पदरचे पैसे देऊन करतात. दुरुस्तीचीहि पंचाईत होती. निकॉननें हिंदुस्थानांत स्वतःची कंपनी काढली ती २००७ सालीं. त्यापूर्वीं अमेरिकेंत घेतलेल्या वस्तूची हमी येथें चालण्याची आशा करण्यांत अर्थ नव्हता.

मग बाजारांत असलेला, सहा महिने लोकांच्या हातीं वावरलेला कॅनन कां घेऊं नये? ह्यावर बराच वेळ गेला, आणि तो जावयासच हवा होता. कॅननमध्यें एक गोष्ट आमच्या मनाला लागली. त्याच कंपनीच्या महाग कॅमेऱ्यांतील यंत्रणा ह्यांत बरीचशी होती. पण महागाचा खप बुडूं नये म्हणून कांहीं सोयी मुद्दाम बंद ठेवल्या होत्या. दहा खोल्यांचें घर बांधून तीन खोल्यांना कुलूप लावावें आणि मग भाड्यानें द्यावें, तसा हा प्रकार. (पुढें कांहीं हौशी लोकांनीं त्याची आंतली आज्ञावली बदलून त्यांतलीं कांहीं कुलुपें काढलीं, ही गोष्ट निराळी.)

पण निर्णय झाला तो भिंगावर. वाचकांपैकीं ज्यांना ह्या विद्येचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. ह्या जातीच्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या पाठीमागें एक तिरका आरसा असतो. भिंगांतून आलेलें दृश्य तो वर टाकतो, तेथें तें आणखी आरशांवरून फिरून सरळ होतें आणि आपल्या डोळ्याला दिसतें. बोट दाबलें कीं आरसा वर उडतो, पडदा उघडतो, आणि तेंच दृश्य क्षणभर पाठीमागें पडतें. जें डोळ्यानें पाहिलें तेंच चित्रांत उतरतें, ही ह्याची थोरवी. पूर्वीं रिळावर, आतां एका चकाकत्या पातळ चकतीवर, हाच काय तो फरक. डी-७० मधील चकतीवर साठ लाखांहून थोडे अधिक ठिपके होते. प्रत्येक ठिपका उजेड मोजतो, रंग त्याला कळत नाहीं. म्हणून प्रत्येकावर तांबडी, हिरवी किंवा निळी बारीक कांच बसवितात. हिरव्या दोन, तांबडी एक, निळी एक, अशी ही चौकट. ही युक्ति कोडॅकमधील ब्राइस बायर ह्यांची, १९७६ सालच्या पेटंटांतली. शेजारच्या ठिपक्यांवरून उरलेल्या रंगांचा अंदाज यंत्र करतें. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आमच्या वहिनींना हें समजण्यास दोन मिनिटें लागलीं. दादांना अजून शंका आहे.

साठ लाख हा आंकडा ऐकून लोकांचे डोळे दिपत, आणि आज त्याच्या कितीतरी पट आंकडा ऐकून दिपतात. म्हणून एक गणित घरीं करून पाहण्यासारखें आहे. डी-७० चें चित्र ३००८ ठिपके रुंद आणि २००० ठिपके उंच. उत्तम छपाईस इंचाला तीनशें ठिपके पुरतात. म्हणजे दहा इंच लांब आणि साडेसहा इंच रुंद असा उत्कृष्ट फोटो निघतो. आपल्या घरांत भिंतीवर ह्याहून मोठे फोटो किती आहेत तें मोजावें. शिवाय लांबी-रुंदी दुप्पट व्हावयाची तर ठिपके दुप्पट होऊन भागत नाहीं, चौपट लागतात.

आतां भिंग. निकॉननें १९५९ सालीं भिंग अडकविण्याची जी खोबण ठरविली तीच पुढें चालू ठेवली. कॅननने १९८७ सालीं आपली बदलली, आणि जुन्या भिंगांचे धनी चरफडत बसले. आमच्याकडील सिंगापुरी भिंग डी-७० वर बसत होतें. बसत होतें म्हणजे काय, तेंहि पाहिलें पाहिजे. त्या भिंगानें हा कॅमेरा उजेड मोजीत नाहीं. पडदा किती वेळ उघडावयाचा तें आपल्या अंदाजानें ठरवावें लागतें, आणि स्पष्टता हातानें साधावी लागते. चकती रिळाच्या चौकटीहून लहान, म्हणून ५० चें भिंग ७५ चें असल्यासारखें वागतें. माजघरांत वीस माणसांचा समुदाय त्यांत मावणार नाहीं. एका माणसाचा चेहरा मात्र फार चांगला येईल. जाहिरातींत ह्यांतलें कांहीं ठळक अक्षरांत नसतें. पुतण्यानें माहितीपुस्तिकेचीं पानें उलटून तें शोधून काढलें, तेव्हां ह्या मुलाला कॅमेऱ्याची नुसती हौस नाहीं असें आम्हांला प्रथम वाटलें.

दादासाहेब फाळके ह्यांचें नांव अशा वेळीं निघावयाचेंच, आणि तें निघालें. विम्याच्या पॉलिश्यांवर कर्ज उभारून १९१२ सालीं ते लंडनला गेले, विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले, आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून लोकांना दाखविली, तेव्हां कोठें ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसा उभा राहिला. पुतण्यानें हें मोठ्या आवेशानें सांगितलें. दादा म्हणाले, “त्यांच्या पत्नीला कोणी विचारलें होतें का?” वहिनी हंसल्या, आणि सभेचा ताण थोडा उतरला.

आई इतका वेळ वाती वळीत होती. तिनें एकच प्रश्न विचारला. “अरे, रीळ धुतलें कीं फोटो हातांत येतो. ह्यांतला फोटो राहतो कुठें?” पुतण्यानें कार्डाबद्दल सांगितलें, संगणकाबद्दल सांगितलें. २५६ मेगाबाइटच्या कार्डावर उत्तम प्रतीचे सत्तरांवर फोटो मावतात, मग ते संगणकांत उतरवावयाचे, कार्ड पुन्हां कोरें. “म्हणजे संगणकांत राहतो,” ती म्हणाली, आणि पुन्हां वातींकडे वळली. त्या प्रश्नाची किंमत आम्हांला चार वर्षांनीं कळली.

तोड वहिनींनीं काढली. लग्नाची व्हिडिओ फीत करून घेण्यासाठीं जी रक्कम बाजूस ठेवली होती ती त्यांनीं ह्याकडे वळविली. “दोन लग्नांच्या फिती कपाटांत आहेत, भावजी. आपण त्या किती वेळां पाहिल्या?” उरलेल्यांतील अर्धे पुतण्यानें आपल्या पहिल्या वर्षाच्या पगारांतून फेडावयाचे, अर्धे सामायिक खर्चांतून. लग्नाचे रीतसर फोटो नेहमींचे फोटोग्राफर रिळावरच काढतील. नव्या कॅमेऱ्यावर कोणीं विसंबावयाचें नाहीं, ही आमची अट मान्य झाली. न्यू जर्सींतील भाचा लग्नाला येणार होता. मार्चमध्यें कॅमेरा तिकडे दुकानांत आला, त्यानें दुकानदाराच्या यादींत नांव लावून ठेवलें, आणि लग्नाला आठ दिवस असतां आपल्या कपड्यांत गुंडाळून तो घरीं आणला.

लग्नाच्या गर्दीबद्दल सांगण्यासारखें फारसें नाहीं. सांगावयाचें तें दुसऱ्या दिवशींच्या सकाळचें. पाहुणे निजलेले, आई खिडकीशीं बसून उरलेले विडे पुसून ठेवीत होती. पुतण्यानें सिंगापुरी भिंग चढविलें. पहिला फोटो काळोखा निघाला, दुसरा पांढराफटक, तिसऱ्यांत ती होती. त्यानें पाठीमागचा लहानसा पडदा तिच्यापुढें धरला. तिनें चष्मा सांवरून बराच वेळ पाहिलें.

“पहिले दोन बिघडले ना? रीळ फुकट गेलें?”

“नाहीं ग आजी. ह्याला रीळच नाहीं. बिघडलेले पुसून टाकले.”

“कांहीं खर्च नाहीं झाला?”

“कांहीं नाहीं.”

“मग आणखी एक काढ. ह्यांत पदर नीट नाहीं.”

त्या सकाळीं तिचे एकतीस फोटो निघाले. साठ वर्षें जिनें आपल्यावर कोणाला रीळ घालवूं दिलें नाहीं, ती खर्च नाहीं म्हणतांच लहान मुलीसारखी पुढें येऊन बसली. दादा दारांत उभे होते. त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं. पण हिशेबाचा तो पाठकोरा कागद पुढें कधीं निघाला नाहीं. एकतीसांतला एक तिनें स्वतः निवडला, आणि पुतण्यानें तो आठ बाय दहा इंचांचा छापून आणला.

अधिक्रमणाच्या दिवशीं ढग होते. फटींतून, सूर्याची योग्य कांच लावून, शुक्राचा काळा टिकला दोनदां सांपडला. कासला ‘सीतेची आसवें’ हीं इवलीं जांभळीं फुलें टिपावयाचीं तर निराळें भिंग लागतें, हें तेथें गेल्यावर कळलें. तें घेण्यास दोन वर्षें गेलीं. आणि एप्रिल २००५ मध्यें त्याच कंपनीनें डी-७० चीच सुधारलेली आवृत्ति आणि सोबत डी-५० हा स्वस्त कॅमेरा जाहीर केला. पंधरा महिन्यांत आमची वस्तु जुनी झाली! दादांनीं वर्तमानपत्राचें तें पान आमच्यापुढें सरकविलें. थांबलों असतों तर पैसे वांचले असते, हें खरें आहे. पुतणीचें लग्न मात्र थांबणार नव्हतें. आई २००६ च्या मार्गशीर्षांत गेली.

२००८ सालीं संगणकांतील तबकडी एका सकाळीं खर्रर्र असा आवाज करून बंद पडली. लग्नापासूनचे सारे फोटो तिच्यांत होते, आणि दुसरी प्रत करण्याचें ‘पुढच्या रविवारी’वर ढकलत आलों होतों. ती दुरुस्त करणाऱ्यांनीं जी रक्कम सांगितली ती कॅमेऱ्याच्या किंमतीहून अधिक होती, आणि खात्री कसलीच नव्हती. आईचे तीस फोटो त्यांत गेले. शुक्राचा टिकला गेला. लग्नाचे रिळावरचे फोटो राहिले, वडिलांच्या आग्फाचीं निगेटिव्हें बिस्किटांच्या डब्यांत आहेत, आणि अजून त्यांच्या प्रती निघतात. आईचा जो एक फोटो छापला होता, तो ओटीवर आहे.

तेव्हांपासून घरांत नियम झाला आहे. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या तबकड्यांवर, एक ह्या घरीं आणि एक पुतणीच्या घरीं. आणि दर दिवाळींत वर्षांतले पंचवीस फोटो निवडून छापून घ्यावयाचे. निवडण्यावरून भांडणें होतात, तीं वहिनी मिटवितात.

त्या जातीच्या कॅमेऱ्यांचा काळ आतां ओसरला आहे. निकॉननें २०२० च्या आरंभीं डी-७८० आणि डी-६ जाहीर केले, त्यानंतर त्या कंपनीचें लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळलें. पेंटॅक्सनें मात्र २०२१ सालींहि आरशाचा नवा कॅमेरा काढला. आमचा डी-७० कपाटांत आहे, आणि त्याला बसणारें कार्ड सातारच्या दुकानांत मागितलें तर मुलगा आपल्या तोंडाकडे पाहतो. गेल्या महिन्यांत पुतण्याची मुलगी एका नव्या, नुकत्याच जाहीर झालेल्या कॅमेऱ्याचें वर्णन घेऊन आली, आणि ताक वाढलें जात असतां तिनें विषय काढला. ठिपके किती, वेग किती, रात्रीं कसा दिसतो, सारें तिनें सांगितलें.

वहिनी आतां पंच्याहत्तरीच्या पुढें आहेत. त्यांनीं पातेलें खालीं ठेवलें.

“आपलें जुनें भिंग ह्याला बसेल का ग?” त्यांनीं विचारलें.

“मधें एक जोड बसवावा लागतो, आजी. मग बसतें.”

“आणि दिवाळीला छापून किती देशील?”

ती आंकडा सांगूं लागली. दादांनीं पेन्सिल मागविली.